नवख्यांना टेक्स्ट रोलप्ले शिकवताना: आधी वाचायला लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एक लहानसा रोलप्ले गट चालवता, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन आळीपाळीने पोस्ट लिहीत गोष्ट पुढे न्यायची. नवीन मंडळी उत्साहाने येतात, पात्राची लांबलचक ओळख लिहितात, प्रसंग सुरू झाला की दोन ओळींची उत्तरं देतात आणि काही दिवसांत दिसेनाशी होतात. तुम्ही नियमावली लिहिलीत, चांगल्या पोस्टचे नमुने लावलेत, ‘किमान एक परिच्छेद’ अशी अटही घातलीत. फरक पडला नाही. आता त्यांना शिकवायचं काय आणि कसं?

बरीच वर्षं नवख्यांबरोबर प्रसंग खेळून माझं मत असं झालं आहे: आपण त्यांना चुकीची गोष्ट शिकवतो. आपण लेखन शिकवायला जातो आणि त्यांना अडतं ते उत्तर देताना. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. उत्तम कथा लिहिणारी माणसं रोलप्लेमध्ये सोबत्याला कंटाळवून टाकताना मी पाहिली आहेत, आणि शुद्धलेखनाच्या नावाने आनंद असलेली पोरं अशी खेळतात की त्यांच्या पोस्टची सगळा गट वाट बघतो.

एक साधा प्रसंग घेऊ. पुराची रात्र, नदीचा काठ. गोदा नावाडीण, मल्हार प्रवासी. अनुभवी खेळाडू गोदाच्या बाजूने लिहितो:

“गोदाने कंदील वर धरला. पाणी मघापेक्षा दोन पायऱ्या वर आलं होतं. ‘या वेळेला नाव सुटत नाही,’ ती म्हणाली. पण तिची नजर त्याच्या हातातल्या ओल्या पेटीवरून हलेना.”

नवखा उत्तर देतो:

“मल्हार ठीक आहे म्हणाला आणि तिथेच बसला.”

इथे तुमची नियमावली त्याला सांगते, ‘वर्णन वाढव’. तो आज्ञाधारकपणे वाढवतो:

“काळ्याकुट्ट रात्री विजा कडाडत होत्या. मल्हारच्या गूढ घाऱ्या डोळ्यांत वेदनेचा सागर दाटला होता. त्याचे ओले केस वाऱ्यावर उडत होते. आयुष्याने त्याला खूप काही दाखवलं होतं. ‘ठीक आहे,’ तो खोल आवाजात म्हणाला आणि एका जुन्या दगडावर बसला.”

पोस्ट पाचपट झाली आणि अडचण जिथल्या तिथे राहिली. (ओले केस वाऱ्यावर कसे उडतात, हे विचारू नका.) मल्हार अजून बसलेलाच आहे, पेटीकडे कोणी बघितलं हे त्याच्या गावीही नाही, आणि गोदाच्या खेळाडूला पुढे लिहायला काहीच मिळालेलं नाही. आता हे बघा:

“मल्हारने पेटी छातीशी ओढली. ‘उजाडेपर्यंत थांबलो तर माझ्या मागचे इथे पोचतील,’ तो म्हणाला. मग बोटातली अंगठी काढून त्याने नावेच्या काठावर ठेवली. हात मात्र मागे घेतला नाही.”

चारच वाक्यं, एकही सुंदर शब्द नाही. पण गोदा आता मागच्या लोकांबद्दल विचारू शकते, अंगठी उचलू शकते, ती परत ढकलू शकते, न सोडलेल्या हातावर टोमणा मारू शकते, पेटी उघडून दाखव म्हणू शकते. खेळणाऱ्याच्या भाषेत ह्याला पकड म्हणा. सोबत्याने दिलेली पकड (पेटीवरची नजर) मल्हारने धरली आणि स्वतःच्या दोन-तीन सोडल्या.

गाण्याच्या भेंड्यांत समोरच्या गटाला ‘ण’ देऊन अडकवलं की टाळ्या पडतात. रोलप्लेमध्ये तोच ‘ण’ देणारा खेळाडू नकोसा होतो. नवखा नकळत हेच करत असतो. त्याला वाटतं आपण नम्रपणे होकार दिला, आणि सोबत्याच्या हाती कोरी पाटी येते.

म्हणून पहिला सराव लिहिण्याचा नसतोच. नवख्याला सोबत्याची पोस्ट पुन्हा वाचायला लावा आणि उत्तर लिहिण्याआधी वेगळ्या खिडकीत तुम्हाला एवढंच सांगायला लावा: समोरच्या पात्राने केलं काय, बोललं काय, आणि न बोलता काय दाखवलं. वरच्या पोस्टमध्ये तिसऱ्याचं उत्तर ‘पेटीकडे बघतेय’ हे आहे आणि नवख्यांच्या नजरेतून नेमकं तेच सुटतं, कारण ते संवादाला उत्तर द्यायला धावतात. काही प्रसंग असे गेले की हा सराव बंद करा. सवय लागते. ज्याला लागत नाही त्याला बहुधा वाचण्याचाच कंटाळा असतो आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

याला जोडूनच दुसरी खोड. नवखे मनातलं फार लिहितात. “ही बाई किती लोभी आहे, असं मल्हारला वाटलं.” वाटलं ना, मग गोदाने त्याचं काय करायचं? तिला ते ऐकू आलेलं नाही. तिच्या खेळाडूला मात्र वाचायला लागलं, आणि उत्तर देता येत नाही म्हणून ते खुपतं. मी नवख्यांना सांगते की विचार लिहा, पण त्याचा थेंब तरी बाहेर सांडू दे. ओठ मुडपा, नजर वळवा, वाक्य अर्धवट सोडा. समोरच्या पात्राला दिसेल असं काहीतरी प्रत्येक पोस्टमध्ये हवं. पूर्ण पोस्ट मनातच घडत असेल तर ती डायरी झाली.

लांबीचा प्रश्न तुम्ही किमान परिच्छेदाची अट घालून सोडवायला बघताय, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या एका गोष्टीवरून गट मोडतात.

या खेळाचे दोन प्रवाह आहेत आणि त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत. टेबलाभोवती बसून खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला. त्यानंतर 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ उभं केलं: अनेकांनी एकाच वेळी शिरायचं, फक्त शब्दांचं बनलेलं जग. 1988 मध्ये आयआरसी ही इंटरनेटवर लिहून गप्पा मारण्याची सोय आली, 1989 मध्ये जेम्स ॲस्पनेस यांचं ‘टायनीमड’ आलं, जिथे राक्षस मारण्यापेक्षा गप्पा मारणं आणि जग बांधणं हाच मुख्य उद्योग झाला. या सगळ्या जागी समोरचा त्याच क्षणी पडद्यापुढे बसलेला असायचा. तिथे एक-दोन ओळी हेच योग्य माप होतं, कारण तीन परिच्छेद टाइप होईपर्यंत बाकीचे ताटकळत. दुसरा प्रवाह पत्राने, पुढे ईमेलने आणि संदेशफलकांवर खेळणाऱ्यांचा. उत्तर दोन दिवसांनी येणार, तेव्हा ते भरगच्चच हवं.

आज एकाच सर्व्हरवर, म्हणजे गटाच्या एकाच ऑनलाइन जागेत, दोन्ही सवयींची माणसं शेजारी बसतात. ज्याला तुम्ही आळशी म्हणताय तो कदाचित झटपट खेळणारा आहे आणि त्याला कोणी सांगितलंच नाही की इथे लोक सावकाश, लांब लिहितात. त्यामुळे किमान शब्दांची अट काढा. तिच्याजागी दोन खोल्या करा, एक जलद प्रसंगांची आणि एक सावकाश प्रसंगांची, आणि नवख्याला दोन्हीकडे खेळून बघू दे. मी स्वतः नवख्यांना आधी जलद खोलीतच नेते. छोट्या पोस्टमध्ये पकड आहे की नाही हे लगेच दिसतं, लांब पोस्टमध्ये ते शब्दांखाली लपून राहतं.

सावकाश खोलीत गेल्यावरचा नियम सोपा: सोबत्याच्या लांबीच्या आसपास राहा आणि एका पोस्टमध्ये एकच वळण घ्या. हे दुसरं महत्त्वाचं. लांब लिहायला लागलेला नवखा एका पोस्टमध्ये नमस्कार करतो, प्रश्न विचारतो, उत्तराची वाट न बघता दुसरा विषय काढतो, खिडकीपाशी जातो, बाहेर काहीतरी दिसतं आणि तलवार उपसतो. सोबत्याने आता पाच गोष्टींना पाच उत्तरं द्यायची, म्हणजे काळ मागे नेऊन पुन्हा नमस्कारापासून सुरुवात करायची. दोनदा असं झालं की प्रसंगाचा गुंता होतो. जिथे समोरचं पात्र साहजिकच काहीतरी बोललं असतं, तिथे थांबा. पोस्ट तिथेच संपली.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर साध्या खात्याला एका संदेशात 2000 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘म्हणाला’ दिसायला तीन अक्षरं, मोजणीत सात. म्हणून इंग्रजी गटातले नमुने समोर ठेवून ‘तेवढंच लिहा’ म्हटलं की मराठी पोस्ट मध्येच तुटते आणि नवख्याला वाटतं आपलंच काही चुकलं. लांब पोस्ट आधी नोंदवहीच्या ॲपमध्ये लिहायला सांगा. मोबाइलवर बोट घसरून अर्धवट पोस्ट जाण्याचा प्रकारही त्याने टळतो.

आता दुसऱ्याच्या पात्रावर ताबा घेणं, म्हणजे ‘गॉडमोडिंग’. गटागटांत यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि नवख्याला ‘गॉडमोडिंग करू नकोस’ एवढंच सांगितलं तर त्याला काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो फक्त मारामारी लिहीत होता.

कारण सांगा. 1990 पासून चालत आलेल्या ‘लॅम्बडामू’ या शब्दजगात 1993 मध्ये ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्रामागच्या माणसाने एक छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावाने लैंगिक आणि हिंसक कृत्यांची वर्णनं सगळ्यांसमोर छापली. पडद्यावर नुसती अक्षरं होती. तरीही ज्यांची ती पात्रं होती त्यांना झालेला त्रास खरा होता. त्यावर मोठा वाद झाला, ते पात्र काढून टाकलं गेलं आणि पुढे तिथे सदस्यांनी अर्ज करून मतदानाने निर्णय घेण्याची पद्धत आली. टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण ‘माझ्या पात्राने काय केलं हे मीच ठरवणार’ हा नियम कुणाच्या हट्टातून आलेला नाही, हे त्यातून लगेच समजतं.

मग उपाय दाखवा, आणि उपाय मराठीत आयता आहे. “मल्हारने तिचं मनगट धरलं आणि तिला नावेत ढकललं.” इथे सगळं होऊन गेलं, गोदाला बोलायला जागा नाही. “मल्हारने तिचं मनगट धरू पाहिलं.” “मल्हार तिचं मनगट धरायला गेला.” “मल्हारचा हात तिच्या मनगटाकडे झेपावला.” या तिन्हींत हेतू पूर्ण आहे, जोर पूर्ण आहे, फक्त निकाल उघडा आहे. हात लागला की हुकला, हे गोदा ठरवेल. ‘करू पाहिलं’ आणि ‘करायला गेला’ हे दोन साचे नवख्याच्या हाती दिले की मारामारीतली बहुतेक भांडणं मिटतात. आणि मग त्याला दुसरी बाजूही सांगा, ती लोक विसरतात: प्रत्येक वार चुकवायचा नसतो. ज्याचं पात्र कधीच मार खात नाही, त्याच्याशी कोणी दुसऱ्यांदा लढत नाही. कधी निकाल स्वतः लिहायचा असेल तर बाजूला विचारावं, “तिला पाण्यात पाडलं तर चालेल?” बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

मेटागेमिंगबद्दल थोडक्यात. खेळाडूला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत नसते, हे सगळ्यांना तत्त्वतः कळतं. घसरतात ते कुतूहलापोटी. पेटीत काय आहे हे दुसऱ्या प्रसंगात वाचलेलं असतं आणि गोदा अचानक ‘तो मुकुट दे’ म्हणते. रागावू नका. “गोदाला हे कसं कळलं असेल?” असं विचारा. कधीकधी नवखा इतकं मजेदार कारण शोधून काढतो की चूक तशीच ठेवावीशी वाटते.

पात्राची ओळख हा माझा आवडता विषय, म्हणून इथे जरा रेंगाळते. नवखा तीन पानं लिहून आणतो. आईवडील लहानपणीच गेलेले, गाव जळालेलं, तलवारबाजीत निष्णात, सात भाषा येतात, कुणावर विश्वास ठेवत नाही, एकटाच राहतो. अशा सर्वगुणसंपन्न पात्रांना ‘मेरी स्यू’ म्हणतात; 1973 मध्ये एका विज्ञानकथा मालिकेच्या चाहत्यांच्या नियतकालिकात आलेल्या विडंबनकथेतून हे नाव रूढ झालं. ते नवख्याच्या तोंडावर मारायला वापरू नका. नवखा माणूस भित्रा असतो, म्हणून पात्र अजिंक्य करतो. आणि खरी अडचण सात भाषांची नाहीच. ‘कुणावर विश्वास ठेवत नाही, एकटाच राहतो’ ही आहे. चार माणसांनी मिळून खेळायच्या खेळात त्याने असं पात्र आणलंय ज्याला कुणाशी बोलायचं नाही! मग पहिल्याच प्रसंगात ते कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं राहतं आणि कोणीतरी येऊन आपल्या गूढ भूतकाळाबद्दल विचारेल याची वाट बघतं. कोणी येत नाही, कारण बाकीची तीन पात्रंही आपापल्या कोपऱ्यांत भिंतीला टेकून उभी असतात.

मी नवख्यांना विचारते: तुझ्या पात्राला आज, या प्रसंगात, अनोळखी माणसाकडून काय हवं आहे? पैसा, निवारा, बातमी, नदीपलीकडे जाणं, काहीही चालेल. पण आज आणि दुसऱ्याकडूनच मिळेल असं हवं. मग विचारते, त्याला काय जमत नाही? यावर ‘तो जास्तच प्रामाणिक आहे’ असली उत्तरं स्वीकारू नका. पोहता येत नाही, हिशेब कळत नाही, खोटं बोलताना कान लाल होतात, असं हवं. पोहता न येणारा मल्हार पुराच्या काठी उभा केला की प्रसंग आपोआप चालतो. भूतकाळ रिकामा ठेवायला सांगा. भाऊ होता की नव्हता हे दहाव्या प्रसंगात, कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देताना ठरलं तर ते सोबत्यालाही आपलं वाटतं. तीन पानं आधीच लिहून आणलेल्या भूतकाळात दुसऱ्याला जागा नसते.

मराठी रोलप्लेत भाषेचे काही निर्णय पहिल्याच ओळीत घ्यावे लागतात, आणि नवखे ते न ठरवताच सुरू करतात. वर्तमानकाळात लिहिलं (“गोदा कंदील वर धरते”) की नाटकातल्या रंगसूचनेसारखं वाचलं जातं, वेग येतो. जलद खोलीला ते शोभतं. भूतकाळात कथेचा सूर लागतो. दोन्ही चालतात, एका प्रसंगात मिसळले की दाताखाली खडा लागतो. प्रथमपुरुषात लिहायचं तर ‘मी आलो’ की ‘मी आले’ यातून पात्राचं लिंग लगेच उघड होतं. वेषांतर केलेलं पात्र खेळणाऱ्याला ‘मी दार उघडलं’, ‘मी कंदील घेतला’ असल्या सकर्मक वाक्यांच्या आडोशाने दिवस काढावे लागतात. एका सोबतिणीने हे इतकं सफाईने केलं होतं की उघड झाल्यावर आम्ही मागे जाऊन सगळ्या पोस्ट पुन्हा वाचल्या.

आणि तू की तुम्ही. इंग्रजीत रोलप्ले करून आलेल्यांना याची किंमत कळत नाही. गोदा मल्हारला ‘तुम्ही’ म्हणत होती आणि अंगठी बघितल्यावर ‘तू’वर आली, तर वर्णनाचं एक वाक्यही न लिहिता सगळं बदललं. नवख्यांना हा खेळ मुद्दाम करून दाखवा: प्रसंगाच्या सुरुवातीला पात्रं एकमेकांना काय म्हणतात ते ठरवा आणि ते बदलण्याचा क्षण त्यांना शोधू द्या. बोलीचंही तसंच. सगळ्यांची पात्रं वर्तमानपत्री मराठी बोलत असतील तर कोण बोलतंय ते नाव वाचल्याशिवाय कळत नाही. पण येत नसलेली बोली ओढूनताणून आणू नये, ती चेष्टा वाटते. वाक्यांची लांबी, एखादा सवयीचा शब्द, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची खोड यांनीही आवाज वेगळा होतो.

तुमच्या नमुना पोस्ट उपयोगी का पडल्या नाहीत, याबद्दल. नमुना एकट्या पोस्टचा असतो, आणि एकटी पोस्ट चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही. नमुना लावायचाच तर आठ-दहा पोस्टचा सलग प्रसंग लावा, आणि शक्यतो तो जिथे मध्ये अडखळला आणि सावरला असा. त्याहून चांगलं म्हणजे नवख्याबरोबर स्वतः खेळा. दोघांचाच प्रसंग, छोटी जागा, दोन्ही पात्रांना एकमेकांकडून काहीतरी हवं आहे अशी मांडणी, आणि एका बैठकीत किंवा दोन-तीन दिवसांत संपेल एवढा जीव. चौघांच्या प्रसंगात नवखा बुडतो. कुणाच्या पाळीनंतर आपली पाळी हेच त्याला कळत नाही.

खेळताना शिकवायचं ते पात्राच्या तोंडून. त्याने पकड दिली नाही, तर गोदाच विचारेल, “बसलास खरा, पण पेटी मांडीवरून खाली ठेवत नाहीस.” एवढ्याने त्याला कळतं की पेटीकडे लक्ष द्यायचं होतं. प्रसंग थांबवून सूचना देऊ नका. पोस्टखाली दुरुस्त्या लिहिणारे गटप्रमुख मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे नवखे टिकत नाहीत आणि त्यांना वाटतं हल्लीची पिढीच तशी.

प्रसंग संपला की खासगीत बोला, आणि ‘छान लिहिलंस’ म्हणू नका. ‘अंगठी ठेवून हात मागे घेतला नाहीस, तिथे मला लगेच लिहावंसं वाटलं’ असं म्हणा. कुठल्या ओळीने तुम्हाला उत्तर सुचलं हे कळलं की तो तसं पुन्हा करेल. सुधारणेची गोष्ट एका वेळी एकच सांगा. ऱ्हस्वदीर्घ सोडून द्या. पण संवाद अवतरणचिन्हांत घेणं आणि परिच्छेद पाडणं याबाबत मात्र हट्ट धरा, कारण त्यावाचून कोण बोललं आणि कोणी केलं हेच समजत नाही.

हल्ली बरेच नवखे चॅटबॉटबरोबर रोलप्ले करून येतात. टाइप करण्याची भीड मोडलेली असते, हा फायदा. तोटा असा की तिथे समोरचा कधी थकत नाही, रात्री तीन वाजता लगेच उत्तर देतो, आणि सहसा प्रसंग तुमच्याभोवतीच फिरवतो. गोदालाही काहीतरी हवं आहे, तिचाही प्रसंग आहे, ही कल्पनाच त्यांच्या अंगवळणी पडलेली नसते. त्यांना मुद्दाम अशी भूमिका द्या जिथे गोष्ट दुसऱ्याची आहे: निरोप्या, साक्षीदार, वाट दाखवणारा. एक प्रसंग दुसऱ्याला चमकवण्यात घालवला की बरंच काही कळतं.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात किंवा वेगळ्या खोलीत, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. प्रौढांचे विषय असलेल्या खोल्यांत अल्पवयीनांना प्रवेश नाही, आणि ‘पात्र मोठं आहे’ हे उत्तर चालत नाही. खेळाडूचं वय बघायचं. खरं नाव, फोटो, पत्ता, शाळा कोणी मागितलं तर गटप्रमुखाला कळवायचं, हे नवख्याला स्पष्ट शब्दांत सांगा. काय अजिबात येऊ द्यायचं नाही आणि काय घडलं तरी पडद्याआड ठेवायचं, अशी दुहेरी यादी खेळाआधी करण्याची पद्धत रोलप्ले खेळ रचणाऱ्या रॉन एडवर्ड्स यांच्या मांडणीतून रूढ झाली. जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड त्याहून सोपं: टेबलावर एक कार्ड, त्याला कोणी हात लावला की तो भाग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. टेक्स्टमध्ये कार्डाऐवजी एखादी ठरलेली खूण टाका. नवखा ती स्वतःहून वापरणार नाही, संकोचतो. म्हणून पहिल्या काही प्रसंगांत तुम्हीच एखादी क्षुल्लक गोष्ट निमित्त करून ती वापरा आणि प्रसंग पुढे न्या. ती वापरल्याने काही बिघडत नाही हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं असलं पाहिजे.

पात्राच्या भावना खेळाडूत झिरपतात, याला खेळणारे ‘ब्लीड’ म्हणतात. दोन पात्रांचं भांडण झाल्यावर सोबती आपल्यावर खरंच चिडलाय, असं नवख्याला हमखास वाटतं. तावातावाच्या प्रसंगानंतर कंसात “(( काय मस्त भांडली गोदा! ))” एवढं लिहिलं तरी पुरतं. प्रेमप्रसंगांत हे जास्त जपावं लागतं.

आता गायब होण्याबद्दल. काही जण जाणारच. परीक्षा असतात, नोकऱ्या असतात, नाद सुटतो. पण बरेच जण लाजेने जातात: उत्तर द्यायला चार दिवस उशीर झाला, मग आठ झाले, मग तोंड कसं दाखवू. यावर एकच उपाय मला लागू पडलेला आहे. प्रसंगातून बाहेर पडायची वाट आधीच सांगून ठेवा. ‘मल्हार पहाटे निघून गेला’ एवढी एक ओळ टाकून कोणीही, कधीही, कारण न देता प्रसंग संपवू शकतो, आणि महिन्याने नव्या प्रसंगात परत येऊ शकतो. आणि उलट बाजूने, ज्या नवख्याचा सोबती नाहीसा झाला त्याला दुसऱ्याच दिवशी नवा सोबती लावून द्या, कारण तो बसून आपल्या शेवटच्या पोस्टमध्ये काय वाईट होतं ते शोधत असतो.

दोन-तीन प्रसंग झाले की तुम्ही बाजूला व्हा. एकाच अनुभवी माणसाबरोबर खेळत राहिलेला नवखा त्याच्याच वळणाचं लिहायला लागतो आणि इतरांबरोबर अडतो. त्याला मुद्दाम वेगळ्या स्वभावाच्या सोबत्याकडे पाठवा, आणि जमलं तर त्याच्याहूनही नव्या माणसाबरोबर बसवा. स्वतः पकड देऊनही समोरून कोरी पाटी आली की तुम्ही इतके दिवस काय सांगत होतात, ते त्याला तेव्हा कळतं.

राहिली नियमावली. ती अर्ध्या पानावर आणा: वय, कंस, खूण, दुसऱ्याच्या पात्राचा निकाल त्याच्याकडे, आणि बाहेर पडायची ती एक ओळ. बाकीचं सगळं काढून टाकलंत तरी चालेल. ते तसंही कोणी वाचत नव्हतं.